५३७ मतांचं राज्य: २००० साली फ्लोरिडाने नक्की कोणाला निवडलं?

दवंडी (धागाकर्ता)

अमेरिकेची निवडणूक आली की इथल्या कुठल्याही चर्चेत तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादाला २००० सालचं फ्लोरिडा निघतंच. एक जण 'बुशने राज्य ढापलं' म्हणतो, दुसरा 'मोजून मोजून दमले तरी गोर हरलाच' म्हणतो, आणि मूळ विषय राहतो बाजूला. त्या भांडणाला स्वतंत्र जागा मिळावी म्हणून हा धागा.

आधी आकडे. जाहीर निकाल असा: जॉर्ज डब्ल्यू. बुश (रिपब्लिकन) २९,१२,७९०, अल गोर (डेमोक्रॅट) २९,१२,२५३. फरक ५३७. राज्यातलं एकूण मतदान साठ लाखांच्या जरासं आत. देशभराची बेरीज केली तर गोरना सुमारे ५ लाख ४४ हजार मतं जास्त होती. पण तिकडे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या निर्वाचकांच्या मतांवर, आणि फ्लोरिडाची सगळीच्या सगळी २५ मतं राज्यात पहिला येईल त्याला. ती धरून बुश २७१ वर पोचले. लागतात २७०.

माझं म्हणणं असं की ५३७ या आकड्यावरून लोकांचा कौल कळतच नाही. ज्या मतपत्रिकांवर यंत्रांना राष्ट्राध्यक्षपदाचं एकही मत सापडलं नाही किंवा एकाऐवजी दोन सापडली, अशा मतपत्रिका राज्यात सुमारे पावणेदोन लाख होत्या. पावणेदोन लाख बाद आणि निकाल ५३७ चा! त्या गठ्ठ्यातल्या कुठल्या मतपत्रिका वैध धरायच्या यावर जिंकणारा बदलतो. म्हणजे भांडण खरं तर मतपत्रिकेच्या छपाईचं आणि 'मत' कशाला म्हणायचं याचं होतं. षड्यंत्र वगैरे नंतर बघू.

सर्वांत गाजली ती पाम बीच काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मतपत्रिका, फुलपाखरू मतपत्रिका म्हणतात ती. उमेदवार होते दहा. तिथल्या निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर. या काउंटीत निवृत्त म्हातारी माणसं भरपूर, त्यांना वाचता यावं म्हणून बाईंनी अक्षरं मोठी घेतली. अक्षरं मोठी केल्यावर नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर टाकली आणि भोकं पाडायची रांग मधे ठेवली. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. उजव्या पानावर पहिलं नाव रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्यूकॅनन. आता मधल्या रांगेत वरून पहिलं भोक बुशचं, दुसरं ब्यूकॅननचं आणि तिसरं गोरचं. डावीकडे दुसरं नाव वाचून ज्याने दुसरं भोक पाडलं, त्याचं मत गेलं ब्यूकॅननला.

कडव्या उजव्या ब्यूकॅननना ज्यू मतदारांची मोठी वस्ती असलेल्या, डेमोक्रॅट बालेकिल्ला असलेल्या या काउंटीत ३,४०७ मतं पडली. राज्यातल्या ६७ पैकी दुसऱ्या कुठल्याही काउंटीत त्यांना एवढी मतं नाहीत. खुद्द ब्यूकॅनननीच दूरचित्रवाणीवर सांगितलं की यातली बरीचशी आपली नसावीत. आणखी एक पुरावा मला जास्त पटतो. टपालाने मतदान करणाऱ्यांना हे फुलपाखरू मिळालंच नव्हतं, त्यांची मतपत्रिका साधी होती. आणि त्या टपाली मतांत ब्यूकॅननचं प्रमाण कितीतरी कमी आहे. तीच काउंटी, तेच उमेदवार, कागद फक्त वेगळा. शिवाय दोन भोकं पाडून बाद झालेल्या मतपत्रिका एकट्या पाम बीचमध्ये १९ हजारांच्या वर.

गंमत म्हणजे लेपोरबाई स्वतः डेमोक्रॅट. नमुना मतपत्रिका मतदारांना आधी घरपोच गेली होती, दोन्ही पक्षांच्या लोकांनी पाहिली होती. तेव्हा कोणीच तक्रार केली नाही.

चर्चेला सुरुवात करा. 'ढापलं' म्हणणाऱ्यांनी कोणी, कसं, किती मतांनी हेही लिहावं.

---

वाचनमात्र

जागा पकडून ठेवतो. खडूस काका कुठे आहेत?

---

मुक्काम_पोस्ट_टाम्पा

मी तेव्हा टाम्पात नोकरीला होतो. व्हिसावरचा माणूस, मत नाही, पण रात्रभर टीव्हीसमोर. ७ नोव्हेंबरला रात्री आठ वाजायला दहा मिनिटं असताना वाहिन्यांनी फ्लोरिडा गोरच्या नावावर लावलं. आता नकाशा बघा. राज्याचा पश्चिमेकडचा जो चिंचोळा पट्टा आहे (पॅनहँडल), त्याचं घड्याळ आमच्या एक तास मागे. तिथली केंद्रं अजून चालू होती! तो पट्टा रिपब्लिकनांचा. 'टीव्हीने आमचे मतदार रांगेतून घरी पाठवले' हा बुशवाल्यांचा राग त्यानंतर कितीतरी दिवस ऐकला.

दहाच्या सुमाराला वाहिन्यांनी शब्द मागे घेतला. पहाटे सव्वादोनला फॉक्सने बुश जिंकल्याचं सांगितलं आणि बाकीच्या वाहिन्या धडाधड मागे गेल्या. गोरनी बुशना फोन करून अभिनंदनही केलं आणि पराभव मान्य करण्याचं भाषण द्यायला निघाले. तेवढ्यात त्यांच्या माणसांना कळलं की फरक आक्रसत चाललाय. मग गोरचा दुसरा फोन, पहिला फोन मागे घेण्यासाठी. चारच्या सुमाराला वाहिन्यांनीही बुशच्या नावावरून राज्य काढलं.

त्याच रात्री व्होलुशिया काउंटीतल्या एका मतदान केंद्राच्या संगणकाने गोरच्या खात्यात वजा १६ हजार मतं दाखवली होती. हो, वजा! सापडलं आणि दुरुस्त झालं, पण पहाटेच्या त्या 'बुश विजयी' घोषणेमागे ह्या गोंधळाचाही हात होता.

---

शून्य_बेरीज

राल्फ नेडरचं नाव अजून कसं नाही आलं? ग्रीन पक्ष, फ्लोरिडात ९७,४८८ मतं. त्यातली शेकड्याला एक जास्तीची जरी गोरकडे वळली असती तरी खेळ खलास.

पण खापर एकट्या नेडरवर फोडू नका. फ्लोरिडात बुश-गोर सोडून जे आठ उमेदवार होते, त्यातल्या प्रत्येकाला ५३७ हून जास्त मतं आहेत. शेवटच्या नंबरचे सोशलिस्ट वर्कर्स पक्षाचे जेम्स हॅरिस, त्यांनाही ५६२. इतक्या कमी फरकात 'हे झालं नसतं तर' म्हणून काहीही बसवता येतं. पाऊस, वाहतूक, काहीही. गोर स्वतःचं टेनेसी राज्य हरले, ११ निर्वाचक मतं. न्यू हॅम्पशायर साधारण ७,२०० मतांनी हरले, तिथली ४. या दोनपैकी एक राज्य आलं असतं तरी फ्लोरिडाचं नाव कोणी काढलं नसतं.

---

निवडणूक_ड्यूटी

शिक्षक होतो, त्यामुळे मतपत्रिकांच्या काळात मतमोजणीच्या टेबलावर बसायचा योग बऱ्याच वेळा आला. दवंडी म्हणतात तो 'मत कशाला म्हणायचं' हा प्रश्न आमच्यासाठी रोजचा होता. दोन उमेदवारांच्या मधल्या रेघेवर शिक्का, शिक्क्याऐवजी अंगठा, कागदाची घडी ओली असताना पडल्याने समोरच्या चिन्हावर उमटलेला दुसरा ठसा. यातल्या शेवटच्यावर आपल्याकडे छान तोडगा होता. शिक्क्यातली बाणांची फुली एका दिशेने फिरलेली असते. घडीमुळे उमटलेला ठसा उलट्या दिशेचा दिसतो, म्हणजे खरा कोणता ते लगेच कळतं. मत वाचतं.

दोन्हीकडचे प्रतिनिधी हुज्जत घालायचेच. पण संशयित मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जायची, त्याच्या हातात आयोगाचं छापील पुस्तक, आणि ते पुस्तक सांगलीत जे तेच साताऱ्यात. तिकडे पुस्तक काउंटीगणिक वेगळं होतं काय?

---

दवंडी

@निवडणूक_ड्यूटी, सर, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. पुस्तक नव्हतंच म्हणा. राज्याच्या कायद्यात 'मतदाराचा हेतू स्पष्ट दिसावा' एवढंच. हेतू कशात बघायचा ते प्रत्येक काउंटीच्या मंडळाने ठरवायचं.

तिथे बऱ्याच काउंट्यांत पंच कार्डं होती. मतदाराने टोचणीने जाड कागदात भोक पाडायचं, आणि जो चौकोनी तुकडा निघतो त्याला चॅड म्हणतात. तो पूर्ण पडला तर यंत्र मत वाचतं. एका कोपऱ्याने लोंबकळत राहिला तर? दोन कोपरे सुटले तर? चारही कोपरे घट्ट पण मधे फुगवटा आलाय (याला तिकडे 'गर्भार चॅड' म्हणत) तर? एका काउंटीत फुगवटा मत, शेजारच्या काउंटीत नाही. पाम बीचने तर मोजणी चालू असतानाच निकष बदलले. भिंगातून कार्ड न्याहाळणाऱ्या, डोळे वटारलेल्या त्या न्यायाधीशाचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल, तो ब्रॉवर्ड काउंटीतला.

---

खडूस_काका

आलो. 'ढापलं' मंडळींसाठी थोडा कडू काढा.

गोर यांच्या गोटाने हाताने फेरमोजणी मागितली ती राज्यभर नाही. चार काउंट्यांत: पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होलुशिया. योगायोगाने चारही आपल्या सोयीच्या. वरून घोषणा काय, तर 'प्रत्येक मत मोजा'. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तसंस्थांनी मिळून शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी या संशोधन संस्थेकडून ते पावणेदोन लाख कागद एकेक करून तपासून घेतले. निष्कर्ष काय निघाला? गोरना हवी तशी चार काउंट्यांची मोजणी पूर्ण झाली असती तरी बुश २२५ मतांनी पुढे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली मोजणी झाली असती तरी बुश ४९३ ने पुढे. घ्या.

---

दवंडी

काका, अर्धाच काढा पाजलात. त्याच तपासणीत असंही निघालं की राज्यभरच्या सगळ्या बाद मतपत्रिका, म्हणजे मत न वाचलेल्या आणि दोन मतांच्या दोन्ही, पाहिल्या असत्या तर गोर पुढे जातात. निकष कडक धरा वा सैल, आघाडी ६० ते १७१ च्या दरम्यान. कारण कित्येकांनी गोरपुढे खूण केली आणि खाली 'इतर नाव लिहा' या ओळीवरही गोरच लिहिलं. यंत्राच्या हिशेबी दोन मतं, म्हणून बाद. माणसाच्या डोळ्याला हेतू लख्ख दिसतो. आणि ही मोजणी गोरच्या वकिलांनी कधी मागितलीच नाही! जी मागितली त्यात हरत होते, जी मागितली नाही त्यात जिंकत होते.

म्हणून मी म्हणतो, ५३७ ला कौल म्हणू नका. ६० लाही म्हणू नका.

---

बे_एरियाची_बाई

चर्चा पाम बीचवरच अडकते याचा मला राग येतो. ड्यूवल काउंटी (जॅक्सनव्हिल) बघा. तिथे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लागोपाठच्या दोन पानांवर छापले होते आणि नमुना मतपत्रिकेत सूचना होती की प्रत्येक पानावर मत द्या. लोकांनी सूचना पाळली, दोन्ही पानांवर भोक पाडलं आणि मत बाद झालं. अशा मतपत्रिका २० हजारांच्या वर, आणि त्यातला मोठा हिस्सा कृष्णवर्णीय वस्त्यांतला. पाम बीचच्या आजीआजोबांना कॅमेरे मिळाले, ह्यांना नाही.

नागरी हक्क आयोगाचा २००१ चा अहवाल सांगतो की फ्लोरिडात कृष्णवर्णीय मतदाराची मतपत्रिका बाद होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दहापट होती. शिवाय ती यादी. फ्लोरिडात तेव्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचा मताधिकार कायमचा जायचा. निवडणुकीआधी राज्याने एका खासगी कंपनीकडून अशा लोकांची यादी करून घेतली. नाव आणि जन्मतारीख ढोबळमानाने जुळली तरी माणूस यादीत. काही काउंट्यांच्या अधिकाऱ्यांनी यादी धुडकावली, काहींनी तशीच वापरली. ज्याचा गुन्ह्याशी संबंध नाही असा माणूस केंद्रावर गेला आणि परत पाठवला गेला, असेही प्रकार घडले. ५३७ च्या हिशेबात हे लोक कुठे बसवणार? त्यांचा तर कागदच नाही, भिंगातून काय बघाल?

(तो कायमच्या बंदीचा नियम २०१८ मध्ये लोकांनीच मतदान करून बदलला, जवळपास ६५ टक्के मतांनी. नंतर विधिमंडळाने दंडाच्या थकबाकीची अट घालून पुन्हा गुंता केला, तो वेगळा विषय.)

---

गोंधळी

म्हणूनच आपलं ईव्हीएम भारी! बटण दाबा, विषय संपला. लोल.

---

दवंडी

@गोंधळी, फ्लोरिडानेही हाच विचार केला होता. २००१ मध्ये पंच कार्डं मोडीत काढली, २००२ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे आले, बऱ्याच काउंट्यांनी टचस्क्रीन यंत्रं घेतली. २००६ मध्ये सारासोटा भागात प्रतिनिधीगृहाची एक जागा ३६९ मतांनी ठरली आणि एकट्या त्या काउंटीत सुमारे १८ हजार मतदारांचं त्या जागेसाठी मतच नोंदलेलं नव्हतं. तपासायला कागद नाही. पुढच्याच वर्षी राज्याने निमूटपणे कागदी मतपत्रिकांकडे परतायचा कायदा केला. भारतीय ईव्हीएमवर वेगळा धागा काढा, इथे नको.

---

रोहेकर

नेडरवरून एक आठवलं. तिसरा उमेदवार मतं खातो, हे आपल्याकडे राष्ट्रपतिपदाला होऊ शकत नाही, कारण आमदार-खासदार पसंतीक्रम देतात. आणि याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण आमच्या रायगडच्या माणसाचं आहे: १९६९, चिंतामणराव देशमुख.

इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरींकडे, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर सी. डी. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. अमेरिकी पद्धत असती तर तिथेच निकाल. पण कोटा, म्हणजे जिंकायला लागणारा आकडा, ४,१८,१६९ चा, गिरी त्याच्या खाली. मग तळाचे उमेदवार बाद करत त्यांच्या दुसऱ्या पसंत्या वाटल्या. देशमुखांची बरीचशी मतं रेड्डींकडे गेली आणि शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरीच जिंकले, पण देशमुखांना मत देणाऱ्याचं दुसरं म्हणणंही मोजलं गेलं. नेडरच्या ९७ हजारांना हे विचारायची सोय फ्लोरिडात नव्हती.

---

शून्य_बेरीज

क्या बात है रोहेकर. हे उदाहरण या धाग्यात येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

---

अंधेरी_लोकल

टपाली मतांवर कोणी बोललं नाही. २०२४ ला आमच्या वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी आले, अमोल कीर्तिकर हरले, आणि तिथेही सगळी ओढाताण टपाली मतांवर आली होती. फ्लोरिडात परदेशातून येणाऱ्या मतांचं काय झालं?

---

मुक्काम_पोस्ट_टाम्पा

@अंधेरी_लोकल, परदेशातली मतं, त्यात मुख्यतः सैनिकांची, निवडणुकीनंतर दहा दिवसांपर्यंत आली तरी चालत होती, अट एवढीच की पाठवलेली वेळेत असावीत. अडचण अशी की अनेक पाकिटांवर टपालाचा शिक्काच नाही. काहींवर साक्षीदाराची सही नाही. रिपब्लिकनांनी 'सैनिकांची मतं नाकारता?' असा धोशा लावला, डेमोक्रॅट बिचकले, आणि काउंट्यांनी आपापल्या मर्जीने नियम सैल केले. न्यूयॉर्क टाइम्सने पुढे हिशेब लावला: मतदानाच्या दिवसानंतर आलेली २,४९० मतं धरली गेली, त्यातल्या ६८० मध्ये काही ना काही दोष होता. आणि ही उशिराची मतं सगळी बाजूला काढली तर गोर २०२ ने पुढे होते. म्हणजे चॅडच्या बाबतीत 'हेतू बघा' म्हणणारे पाकिटाच्या बाबतीत 'नियम बघा' म्हणत होते, आणि उलटही.

---

खडूस_काका

हे मात्र बरोबर. दोन्ही बाजूंनी तत्त्व सोयीने फिरवलं.

पण न्यायालयाला शिव्या घालणाऱ्यांनी क्रम लक्षात घ्यावा. राज्याच्या सचिव कॅथरीन हॅरिसनी २६ नोव्हेंबरला ५३७ वर शिक्कामोर्तब केलं. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ ने राज्यभर, यंत्राने मत न वाचलेल्या मतपत्रिका हाताने मोजायला सांगितल्या. ९ तारखेला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १२ ला रात्री निकाल. काउंटीगणिक वेगळे निकष म्हणजे समान वागणुकीचा भंग, एवढ्यावर नऊपैकी सात न्यायमूर्तींना अडचण दिसली होती. निवडणूक_ड्यूटी सरांचं जे म्हणणं, तेच.

---

बे_एरियाची_बाई

काका, सातांना अडचण दिसली, पण 'मग एक निकष ठरवा आणि मोजा' असं म्हणायची तयारी पाचांची नव्हती. वेळ संपली म्हणून मोजणी बंद. वेळ का संपली? मधे तीन दिवस स्थगिती त्यांचीच. वर निकालात लिहून ठेवलं की हा विचार याच प्रकरणापुरता. त्या पाचांतल्या सॅन्ड्रा डे ओ'कॉनर २०१३ मध्ये म्हणाल्या की कदाचित न्यायालयाने हे प्रकरण घ्यायलाच नको होतं. तेरा वर्षांनी!

आणि हॅरिसबाई फ्लोरिडातल्या बुश प्रचाराच्या सहअध्यक्ष होत्या, राज्यपाल होते उमेदवाराचे सख्खे भाऊ जेब बुश. ते या प्रक्रियेतून बाजूला झाले हे मान्य. पाम बीचची मोजणी मुदतीनंतर दोनेक तासांत पूर्ण झाली, ती बाईंनी घेतली नाही. षड्यंत्र नसेलही. पण पंच कोणत्या संघाचा ते जर्सीवर लिहिलेलं होतं.

---

खडूस_काका

जर्सी दोन्हीकडे होत्या. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयातले बहुतेक न्यायमूर्ती डेमोक्रॅट राज्यपालांनी नेमलेले. असो. आता ब्लडप्रेशरची गोळी घेतो.

---

वाचनमात्र

मायामीतल्या क्यूबन लोकांचा यात काही संबंध होता ना? एलियान नावाच्या मुलाचं प्रकरण?

---

मुक्काम_पोस्ट_टाम्पा

होता. एलियान गोन्सालेस, सहा वर्षांचा. आई समुद्रात बुडाली, मुलगा वाचून मायामीतल्या नातेवाइकांकडे आला. वडील क्यूबात. २२ एप्रिल २००० ला केंद्राच्या सशस्त्र पथकाने घरात शिरून त्याला ताब्यात घेतलं आणि जूनमध्ये तो वडिलांबरोबर परत गेला. गोर तेव्हा क्लिंटन सरकारात उपराष्ट्राध्यक्ष. त्यांनी या प्रकरणात सरकारपेक्षा वेगळी भूमिका घेऊनही उपयोग झाला नाही, राग सगळा त्यांच्यावर निघाला. मायामी-डेडमध्ये याचा फटका ५३७ पेक्षा कमी असेल असं मला वाटत नाही.

---

निवडणूक_ड्यूटी

एक शेवटची शंका. इतकं रामायण झाल्यावर त्यांची मतपत्रिका तरी सुधारली का?

---

दवंडी

सर, फेरमोजणीचे नियम सुधारले. आता अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असेल तर यंत्राने आणि पाव टक्क्याच्या आत असेल तर हाताने फेरमोजणी, सगळ्या काउंट्यांना एकच नियम. छपाईचं मात्र विचारू नका. २०१८ च्या सिनेट निवडणुकीत रिक स्कॉट यांनी बिल नेल्सनना सुमारे १० हजार मतांनी हरवलं. त्या वेळी ब्रॉवर्ड काउंटीने सिनेटची जागा मतपत्रिकेच्या डाव्या स्तंभात, लांबलचक सूचनांच्या खाली, तळाशी छापली होती. हजारो मतदारांनी सूचना संपल्या म्हणून थेट पुढच्या स्तंभातून सुरुवात केली आणि सिनेटचा रकाना कोराच राहिला. ब्रॉवर्ड म्हणजे नेल्सनचा गड.

ती मतपत्रिकाही आधी सगळ्यांनी पाहिलेली होती.

---

निवडणूक_ड्यूटी

आमच्याकडे छपाईचा कच्चा नमुना आला की मी कार्यालयाच्या शिपायाला बोलावून दाखवायचो आणि विचारायचो, अमक्याला मत द्यायचंय, शिक्का कुठे मारशील? त्याला जमलं तर पुढे. लेपोरबाईंना कोणी शिपाई दिला नसावा.